डॉक्टरांची व्हिजिट एका पेटीत : माळ्यावरच्या जुन्या बाटल्या भंगारात देण्याआधी हे वाचा

गणपतीआधी घराची साफसफाई निघते. पेण, रोह्याकडच्या जुन्या घरांत माळा उतरवला की काही वस्तू हमखास सापडतात. स्टीलच्या डबीतली काचेची सिरिंज, बुचाची औषधाची बाटली, बाळगुटीची सहाण, वैद्यांच्या पुड्यांचा डबा. "हे कशाला जपून ठेवलंय?" असं कुणीतरी म्हणतं आणि संध्याकाळपर्यंत सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर जातं.

पण थांबा. याच वस्तूंपासून एक कलाकृती होऊ शकते. तिचं नाव असेंब्लाज.

असेंब्लाज म्हणजे नेमकं काय?

चित्राला रंग लागतात, मूर्तीला माती लागते. असेंब्लाजला लागतात वापरून झालेल्या वस्तू. त्या एकत्र मांडायच्या, बांधायच्या आणि त्यातून काहीतरी सांगायचं. कोलाज कागदावर सपाट असतो, असेंब्लाजला खोली असते. फ्रेंच चित्रकार ज्याँ दुब्युफे यांनी 1953 च्या सुमारास आपल्या कामासाठी हा शब्द वापरला. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या प्रकाराचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि नाव रुळलं.

औषधांशी या कलेचं नातं जुनं आहे. अमेरिकेतल्या जोसेफ कॉर्नेल यांनी 1943 मध्ये 'फार्मसी' नावाची छोटी पेटी केली. आत औषधाच्या दुकानात असतात तशा काचेच्या बाटल्या, पण त्यांत औषधाऐवजी शिंपले, वाळू, पिसं असल्या गोष्टी. कॉर्नेल यांचा धाकटा भाऊ जन्मापासून आजारी होता आणि ते वर्षानुवर्षं घरीच त्याची काळजी घेत होते. हे कळल्यावर ती पेटी वेगळीच दिसायला लागते.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईचे चित्रकार अतुल डोडिया यांचं. पोरबंदरच्या गांधी संग्रहालयातली काचेची कपाटं पाहून त्यांनी 'ब्रोकन ब्रँचेस' ही नऊ कपाटांची मालिका केली. त्यात कृत्रिम अवयव, हाडं, हत्यारं, फोटो आहेत. 2002 च्या गुजरात दंगलींची जखम त्यामागे आहे.

व्हिजिट म्हणजे काय असायचं?

आज आपण डॉक्टरांकडे जातो. पूर्वी रोगी उठण्यासारखा नसला की डॉक्टर घरी यायचे. त्याला म्हणायचे 'व्हिजिट'. खारेपाटातल्या गावात भर पावसात जायचं तर सायकल, बैलगाडी, होडी, जे मिळेल ते. कुणीतरी बॅग उचलून पुढे चालायचं. डॉक्टरांना हात धुवायला कोमट पाणी, नवा साबण आणि धुतलेला पंचा तयार असायचा. सिरिंज स्पिरिटच्या दिव्यावर उकळली जायची आणि घरातली पोरं दाराआडून बघायची.

मग दवाखान्यात घरचीच बाटली घेऊन जायचं. कंपाउंडर त्यात मिक्श्चर भरायचा आणि बाजूला कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्यालाही ती पट्टी वाचता यायची.

याच्या जोडीला वैद्य होतेच. पनवेलला श्री धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना 1872 पासूनचा. म्हणजे या भागातल्या एकाच फडताळात मिक्श्चर, आसवाची बाटली आणि सहाण शेजारी शेजारी असणं अगदी स्वाभाविक होतं.

पेटी कशी करायची?

1. एकच व्हिजिट निवडा. सगळ्या वस्तू कोंबल्या तर ते दुकान होतं. आजोबांचा विषमज्वर, आत्याचं बाळंतपण, असं काहीतरी एकच घ्या. वस्तूला हात लावण्याआधी घरातल्या वयस्कर माणसाशेजारी बसा आणि फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. वस्तू उद्याही असेल, सांगणारं माणूस असेलच असं नाही.

2. पेटी शोधा. जुन्या टेबलाचा खण किंवा सागाची छोटी पेटी उत्तम. घरात वस्तू कमी पडल्या तर पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार आहेच.

3. आधी मांडा, मग जोडा. चार-पाच दिवस वस्तू नुसत्या ठेवून बघा, रोज फोटो काढा. काय काढून टाकायचं ते आपोआप कळतं. थोडी जागा रिकामी सोडा. प्रत्येक व्हिजिटनंतर रोगी उठून बसला असं नाही, हे ती जागा सांगते.

4. शक्यतो बांधा. फेव्हिकॉल लाकूड-कागदाला ठीक, काच-धातूला अराल्डाइट लागतं. पण चिकटवलेली वस्तू पुन्हा सुटत नाही. तांब्याची तार किंवा दोरा वापरला तर ती उद्या मोकळी करता येते.

5. मूळ कागद लावू नका. चिठ्ठी, केसपेपर यांची झेरॉक्स लावा आणि रोग्याचं नाव झाका. तो माणूस हयात नसला तरी त्याचा आजार ही त्याची खाजगी गोष्ट आहे. फोटो सोशल मीडियावर टाकणार असाल तर हे दुप्पट लागू.

6. कोकणातली दमट हवा विसरू नका. लोखंड गंजतं, कागदाला बुरशी येते. वस्तू पूर्ण वाळवा, पुढे काच लावा आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवा.

हे मात्र पेटीत नको

जुना थर्मामीटर आणि बीपीचं यंत्र यांत पारा असतो. थर्मामीटरमध्ये तो जेमतेम एखादा ग्रॅम, पण फुटला तर त्याची वाफ बंद खोलीत घातक ठरते. म्हणूनच मिनामाता करारात अशा पाऱ्याच्या उपकरणांचं उत्पादन थांबवण्यासाठी 2020 ही मुदत ठरली होती. पारा सांडला तर झाडू मारू नका. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करा. पेटीत थर्मामीटरचा फोटो लावला तरी चालतो.

वैद्यांच्या डब्यातली जुनी भस्मं आणि रसौषधीही उघडून हुंगू नका, त्यांत पारा, शिसं किंवा सोमल असू शकतो. त्याऐवजी गेरू, हळद, खडूची पूड भरा. जखमेवरच्या लाल-जांभळ्या औषधाचा रंग जलरंगातून मिळतो. सुया आणि न फोडलेल्या कुप्या जाड डब्यात बंद करून जवळच्या दवाखान्यात विचारून द्या.

पेणकरांची जमेची बाजू

पेण, हमरापूर, जोहे परिसरात मूर्तींचे कारखाने आहेत. शाडू, कागदाचा लगदा, साचा, बारीक आखणी हे सगळं तिथल्या हातांना ठाऊक आहे. हरवलेली वस्तू लगद्यातून घडवता येते. डॉक्टरांची बॅग मिळाली नाही तर ती तळहाताएवढी करा.

पेटी पूर्ण झाली की मागच्या बाजूला चार ओळी लिहा : व्हिजिट कुणासाठी होती, साधारण कोणत्या साली, वस्तू कुणी जपल्या. मूर्ती कुणाची आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. खाचा पाडलेली ती कागदी पट्टी कशासाठी होती, हे मात्र घरातल्या पुढच्या मुलाला सांगितल्याशिवाय कळणार नाही.