द्रव्यशोष आणि हिशेबाची वही

घरची सुबत्ता कशाने जाते, असे विचारले असता बहुतेक मंडळी चोरी, आग, आजारपण, अवर्षण अशी उत्तरे देतील. परंतु ज्या वडीलधाऱ्या माणसांनी मोठ्या कुटुंबाचा कारभार पाहिला आहे, त्यांना ठाऊक असते की, दरोड्याने जितकी घरे बसतात त्याहून अधिक घरे जमाखर्चाच्या वहीने बसतात. दरोडा एका रात्रीत पडतो. आरडाओरड होते, शेजारीपाजारी धावून येतात. वहीत मात्र 'कारभारखर्च', 'मागील बाकी', 'किरकोळ' अशा सोज्ज्वळ नावांखाली वर्षानुवर्षे रकमा खर्ची पडत राहतात, आणि आपले काही जात आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

राष्ट्राच्या संसारालाही हाच न्याय लागू आहे. इंग्रजांनी हिंदुस्थान लुटला असे आपण सहज बोलून जातो. पण लुटला म्हणजे नेमके काय केले, असे घरातील एखाद्या मुलाने विचारल्यास कोहिनूर हिऱ्यापलीकडे आपली मजल सहसा जात नाही. आमच्या मते हिऱ्याची गोष्ट त्यातील सर्वांत क्षुल्लक होय. मोठी गोष्ट वहीत आहे, आणि तीच आज वाचकांपुढे उलगडून ठेवण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम मूळ पाहू. ईस्ट इंडिया कंपनी व्यापार करीत होती तोवर येथील मलमल, रेशीम व मसाले नेण्यासाठी तिला विलायतेहून चांदी आणावी लागे. १७६५ साली बादशहा शाह आलम याजकडून बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांची दिवाणी, म्हणजे सारावसुलीचा अधिकार, तिच्या हाती आला आणि चित्र पालटले. वसुलातील शिल्लक रकमेतूनच कंपनी विलायतेस धाडावयाचा माल खरेदी करू लागली. दुकानदाराच्या गल्ल्यातून पैसे काढावे, त्याच पैशांनी त्याच्याच दुकानातील कापड घ्यावे आणि पावती मात्र रोख खरेदीची करावी, तसा हा प्रकार. विणकराला दाम मिळाला, हे खरे. परंतु तो दाम त्याच्याच भाऊबंदांनी साऱ्याच्या रूपाने भरलेला होता. या खरेदीला कंपनीच्या दप्तरात नाव होते 'गुंतवणूक'!

पुढे १८३३ साली कंपनीचा व्यापार पार्लमेंटने बंद केला. तेव्हा भागीदारांचे नुकसान होऊ नये म्हणून साठ लक्ष पौंड भांडवलावर दर साल साडेदहा टक्के नफा, म्हणजे ६ लक्ष ३० हजार पौंड, हिंदुस्थानच्या महसुलातून देण्याचे ठरले. १८५८ साली कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले; नफा चालूच राहिला. १८७४ साली कंपनी अखेर विसर्जित झाली, तेव्हा शंभर पौंडांच्या भागास दोनशे पौंड या दराने भागीदारांचे मुद्दल फेडण्यात आले, आणि तो बोजाही हिंदुस्थानच्याच माथी पडला. विकणारा इंग्रज, घेणारा इंग्रज, विकली गेलेली वस्तू हिंदुस्थान, आणि किंमत भरणाराही हिंदुस्थान!

१८५७ चा उठाव मोडण्याचा खर्चही असाच येथल्या कर्जखाती पडला. लंडनमध्ये बसून या देशाचा कारभार पाहणाऱ्या भारतमंत्र्याचा पगार १९१९ च्या कायद्यापर्यंत हिंदी रयत भरीत होती. १८६७ साली तुर्कस्तानच्या सुलतानाच्या सन्मानार्थ लंडनच्या इंडिया ऑफिसात मोठा नृत्यसमारंभ झाला, त्याचा खर्चही हिंदुस्थानच्या नावे पडला. त्याच सुमारास ॲबिसिनियाच्या राजाशी इंग्लंडचा तंटा जुंपला. मोहीम मुंबईहून निघाली, आणि तीत गेलेल्या हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानने सोसला. व्याज, निवृत्तिवेतने, लष्करी सामान अशा या सर्व रकमांस 'होम चार्जेस', म्हणजे 'घरचा खर्च', असे नाव होते. हे घर कोणाचे, हा प्रश्न वाचकांनीच मनाशी विचारावा. विसाव्या शतकाच्या आरंभी हा 'घरचा खर्च' वर्षाला सुमारे १ कोटी ७० लक्ष पौंडांवर गेला होता.

रेल्वेची कथा किंचित निराळी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धावली, तिचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु रेल्वे बांधणाऱ्या विलायती कंपन्यांस सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती; उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदी तिजोरीने भरावयाची. नफा झाला तर भागीदारांचा, तोटा झाला तर रयतेचा, अशी व्यवस्था असल्यावर काटकसर कोण करणार? हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री मॅसी यांनीच १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे कबूल केले की, आपला पैसा विटामातीत गेला की हुगळी नदीत बुडाला, याची भागीदारांस फिकीर नव्हती.

आता हा पैसा विलायतेस जात कसा असे? जहाजात रुपयांच्या थैल्या भरून नव्हे. वऱ्हाड-खानदेशचा कापूस घेणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यास येथे रुपये हवे असत. तो लंडनमध्ये भारतमंत्र्याकडे पौंड भरी व त्याबदली एक हुंडी घेई. तिचे नाव 'कौन्सिल बिल'. ती हुंडी मुंबईस येई आणि सरकारी खजिन्यातून तिचे रुपये मिळत. ते रुपये कापसाची किंमत म्हणून फिरत फिरत शेतकऱ्याच्या हाती पडत. आणि खजिन्यात ते आले कोठून? शेतकऱ्यानेच भरलेल्या साऱ्यातून! कापूस गेला तो गेला. त्याचे जे सोने या देशात यावयाचे, ते लंडनमध्येच 'घरच्या खर्चा'त जिरले. शेतकऱ्यास वाटे, आपल्याला भाव मिळाला. व्यापाऱ्यास वाटे, आपण रोखीने व्यवहार केला. कोणी कोणाच्या घरात शिरले नाही, कुलूप तुटले नाही, आणि द्रव्य मात्र गेले. जुन्या लुटारूंची सर या हुंडीस येणार नाही!

यात आणखी एक मेख होती. विलायतेचे देणे पौंडांत, आणि येथला वसूल चांदीच्या रुपयांत. १८७० च्या सुमारास रुपयाचा भाव जवळजवळ दोन शिलिंग होता, म्हणजे एका पौंडास दहा रुपये. पुढे जगात चांदी स्वस्त झाली आणि रुपया घसरत गेला. १८९३ साली सरकारने लोकांसाठी खुली असलेली टांकसाळ बंद केली व काही वर्षांत रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिर केला. या भावाने एका पौंडास पंधरा रुपये पडू लागले. देणे एका पैशाने न वाढता रयतेवरील भार दीडपट झाला.

हे सारे ओळखले कोणी? आम्हांस सांगावयास अभिमान वाटतो की, या वहीची पहिली पाने ज्यांनी उलटली त्यांत आपल्या मुंबई-पुण्याची मंडळी होती. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकर या तरुणाने 'बॉम्बे गॅझेट' पत्रात 'एक हिंदू' या नावाने पत्रे लिहून कंपनी सरकारच्या शोषणावर कडक टीका केली. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकविलेले दादाभाई नौरोजी यांनी १८६७ साली लंडनमध्ये निबंध वाचून इंग्लंड हे हिंदुस्थानचे ऋणी आहे असे प्रतिपादन केले, आणि येथील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये असल्याचे सरकारी आकड्यांवरूनच मांडून दाखविले. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात न्यायमूर्ती रानडे आणि सरकारी शाळेत शिक्षक असलेले गणेश व्यंकटेश जोशी यांनी अर्थशास्त्राचे धडे घालून दिले. देवघरच्या सखाराम गणेश देऊस्करांनी १९०४ साली बंगाली भाषेत 'देशेर कथा' हे पुस्तक लिहून तीच हकीकत घरोघरी पोहोचविली. १९१० साली सरकारने ते जप्त केले. नुसत्या आकड्यांची सरकारला इतकी धास्ती वाटावी, यातच त्या आकड्यांचे सामर्थ्य दिसून येते.

या अभ्यासास फळ आले नाही असेही नाही. १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले अंदाजपत्रकावर प्रथमच बोलावयास उभे राहिले. सरकार शिलकेचा अभिमान मिरवीत होते. गोखल्यांनी दाखवून दिले की, दुष्काळाने गांजलेल्या देशात तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ कर जरुरीपेक्षा जास्त घेतले जातात, एवढाच होतो. मिठावरील कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. हे एकट्या गोखल्यांच्या भाषणाचे फळ म्हणता येणार नाही. तथापि वही वाचणारा समोर बसला आहे असे कळले म्हणजे कारभाऱ्याचा हात आखडतो, हे खास.

येथे कोणी म्हणेल, रेल्वे, कालवे, न्यायकोर्टे, विद्यापीठे यांचे मोल काहीच नाही काय? आहे. स्वतः रानड्यांनीही १८९० साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत सांगितले होते की, खंडणीचेच दुःख उगाळीत न बसता आपण उद्योगधंदे वाढवावे. शोषणाचा एकूण आकडा किती, याविषयीही विद्वानांत एकमत नाही. २०१८ साली अर्थशास्त्रज्ञ उत्सा पटनाईक यांचा ४५ लाख कोटी डॉलर हा अंदाज पुष्कळ गाजला. परंतु त्यात दीडशेहून अधिक वर्षांचे चक्रवाढ व्याज धरलेले असल्याने त्यावर आक्षेपही आले. आमच्या मते आकड्याचा वाद हा मूळ मुद्दा नव्हे. कालवा हवा की तुर्की सुलतानाची मेजवानी हवी, हे ठरविण्याचा अधिकार पैसे भरणाऱ्यास होता काय, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर एका अक्षरात देता येते: 'ना'.

दुसऱ्या महायुद्धाने याचा अखेरचा अध्याय लिहिला. इंग्लंडने येथून युद्धाचा माल उचलला आणि त्याची किंमत लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे जमा केली. येथे त्या भरवशावर नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली, आणि १९४३ साली बंगालात लक्षावधी माणसे अन्नान्न करून मेली. युद्ध संपले तेव्हा ही जमा सुमारे १३० कोटी पौंडांची झाली होती. हिंदुस्थान धनको झाला खरा, पण स्वतःचे पैसे त्याला हवे तेव्हा काढता येईनात! स्वातंत्र्यानंतर करार होऊन ते हप्त्याहप्त्याने मोकळे झाले, आणि परत गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची तरतूदही त्यातूनच झाली.

ही जुनी रडगाणी आज कशाला, असे वाटण्याचा संभव आहे. आमचे उत्तर असे की, परकी माणूस गेला तरी वही राहिली आहे. आपल्या राज्यघटनेने कायद्यावाचून कर बसविण्यास मनाई केली आहे, खर्चास लोकप्रतिनिधींची संमती लागते, आणि महालेखापरीक्षक नावाचा स्वतंत्र तपासनीस नेमलेला आहे. महाराष्ट्रात २००२ साली व सर्व देशात २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा होऊन सरकारी दप्तर पाहण्याचा हक्कही सामान्य माणसास मिळाला. दादाभाईंना ज्या आकड्यांसाठी आयुष्य झिजवावे लागले, ते आज कोणत्याही गृहस्थास वा गृहिणीस मागता येतात.

मागतो कोण, हाच काय तो प्रश्न! अंदाजपत्रकाच्या दिवशी काय स्वस्त आणि काय महाग एवढे पाहून वर्तमानपत्र बाजूला पडते. नगरपालिकेने रस्त्यावर किती खर्च केला, शाळेच्या इमारतीचा निधी कोठे अडला, हे विचारणे आपल्यास उगाच उठाठेव वाटते. सत्ता परकी असो वा स्वकीय, न पाहिलेली वही तिला मोहात पाडल्याशिवाय राहत नाही. परक्याच्या राज्यात आपल्याला वही पाहू दिली जात नव्हती. स्वराज्यात आपण ती पाहत नाही. पहिल्या स्थितीस पारतंत्र्य हे नाव होते. दुसरीस कोणते नाव द्यावे, हे आमच्या वाचकांनी आपल्या घरच्या मुलामुलींसह बसून ठरवावे; आणि तत्पूर्वी निदान आपल्या गावच्या नगरपालिकेचे वा ग्रामपंचायतीचे गेल्या सालचे जमाखर्चाचे पत्रक मागवून एकदा वाचावे.