पायांचा संधिवात : ओळख आणि निगा

मन व म्हैस या नद्यांच्या संगमावरील बाळापूर किल्ल्यासाठी प्रसिद्ध असले, तरी भोवतालच्या खेड्यांचे जीवन कपाशीच्या काळ्या रानावर चालते. वेचणी सुरू झाली की स्त्रिया दिवसदिवस उभ्या असतात, त्याही बहुधा पातळ रबरी चपलेत. सायंकाळी पाय ठणकले, की ‘वात आला’ एवढे म्हणून तेल चोळले जाते. परंतु वात एकच नसतो, आणि तो कोणता हे कळल्यावाचून उपचाराला दिशा मिळत नाही.

एका पावलात २६ हाडे व ३० हून अधिक सांधे असतात. उतारवयात अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्याची कूर्चा झिजते. ही वेदना चालल्याने वाढते आणि विश्रांतीने उतरते. आमवाताची तऱ्हा निराळी. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही पावले सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासाभराहून अधिक काळ आखडलेली राहतात. हा विकार स्त्रियांत पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. तिसरा प्रकार गाऊट. रक्तातील युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात व मध्यरात्री अंगठा असा लालबुंद होतो, की चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. मद्य, कलेजी आणि उन्हाळ्यात कमी पाणी पिणे ही त्याची नेहमीची निमित्ते. ऐन दुखण्यात रक्ततपासणीत युरिक आम्ल सामान्य आले, तरी गाऊट नाही असे ठरत नाही. झटका ओसरल्यावर ती पुन्हा करावी लागते.

औषधांविषयी थोडे कळकळीने सांगावेसे वाटते. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास जठराला व मूत्रपिंडांना इजा होते. नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. आराम चटकन पडतो, आणि फसगत नेमकी तिथेच होते. आमवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी सामान्यतः आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. म्हणून घेण्याचा वार घरातील सर्वांना ठाऊक असावा.

पादत्राण पुढून रुंद, जाड व फार न वाकणाऱ्या तळाचे आणि टाचेला पट्टा असलेले असावे. वजन आटोक्यात ठेवावे. बसल्या बसल्या घोटे गोलाकार फिरवणे, बोटांनी फडके उचलणे, पोटऱ्या ताणणे हे व्यायाम सोपे आहेत. गुडघे टेकताना पायाची बोटे मागे दुमडतात व अंगठ्यावर ताण येतो. मिस्साविषयक नियमांतही प्रकृतीच्या कारणास्तव गुडघे न टेकण्याची मुभा आहे. वृद्धांनी संकोच बाळगू नये.

मधुमेहींनी मात्र विशेष जपावे. बधिर पायाला कढत पाण्याचा शेक दिल्यास भाजलेले कळत नाही. पाऊल गरम व सुजलेले असूनही फारसे दुखत नसेल, तर आतील हाडे ढासळत असण्याचा संभव असतो. अशा पायावर भार न देता तातडीने दाखवावे. एखादा सांधा अचानक सुजून ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो व त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाळापूरहून अकोल्याचे शासकीय सर्वोपचार रुग्णालय सुमारे २५ किलोमीटरवर आहे. जाताना आजवर घेतलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, पुड्यांसह, सोबत न्यावीत.