मार्क न देणारं माणूस

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांमध्ये काही वर्षांपूर्वी 'सेहर' नावाचा एक प्रयोग झाला. त्यामागे गोव्यातली 'संगाथ' ही संस्था होती. सुमारे ७५ शाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले गेले. एका गटात प्रत्येक शाळेला 'सेहर मित्र' मिळाला. हा डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, तर प्रशिक्षण घेतलेला साधा कार्यकर्ता होता. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकावर सोपवलं. तिसऱ्या गटात नेहमीचा सरकारी कार्यक्रम तेवढा चालू राहिला.

कामही अवघड नव्हतं. भित्तिपत्रक, स्पर्धा, मुलांचे गट, नाव न लिहिता मनातलं टाकायची पेटी आणि गरज पडेल त्या मुलाशी एकांतात बोलणं. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. मित्र असलेल्या शाळांमध्ये दादागिरी, मारामारी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. जिथे शिक्षकाने तेच उपक्रम राबवले, तिथे मात्र म्हणावा असा फरक पडला नाही.

यात शिक्षकांचा दोष काढू नये. पोर्शन संपवायचा, पेपर तपासायचे, वर्गाला शिस्त लावायची आणि वर हे. पण मुलाच्या बाजूनेही बघा. जो मार्क देतो, पालकांना बोलावून घेतो, त्याच्यासमोर 'मला सगळे मिळून छळतात' हे बोलायला जीभ रेटत नाही. वर्गात चहाडखोर ठरण्याची भीती असतेच. म्हणून शाळेत असं एक तरी माणूस हवं, ज्याच्या हातात छडीही नाही आणि प्रगतिपुस्तकही नाही.

ज्याचा छळ होतो ते प्रत्येक मूल आत्महत्येकडे वळत नाही आणि आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं. पण सततच्या छळाने नैराश्य आणि जीव देण्याचे विचार वाढतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. 'मस्करीच तर केली' म्हणून आपण मोठी माणसं जे सोडून देतो, ते सगळं मूल रात्री मोबाइलवर पुन्हा वाचत असतं. पूर्वी शाळा सुटली की निदान घरी सुटका व्हायची.

आणखी एक भीती घरोघर आहे: आत्महत्येचं विचारलं तर मुलाच्या डोक्यात नको ते भरेल. २००५ साली न्यूयॉर्क राज्यात दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर हे तपासलं गेलं. आत्महत्येबद्दल विचारल्याने त्यांचा त्रास वाढला नाही किंवा तसे विचारही वाढले नाहीत. आधीच खचलेल्या मुलांना उलट थोडं हलकं वाटल्याचं दिसलं.

तेव्हा मूल गप्प झालं, शाळा टाळू लागलं, आवडीच्या गोष्टी वाटून टाकू लागलं, तर शेजारी बसा आणि सरळ विचारा, 'जीव नकोसा वाटतो का रे?' उत्तर 'हो' आलं तर रागावू नका, उपदेश करू नका, त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, मराठीतही. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक आजच आपल्या मुलांच्या मोबाइलमध्ये आणि त्यांच्या शाळेच्या फलकावर लिहून ठेवा.