लिफ्टची तक्रार, बॅटरीचे दुखणे

व्हीलचेअरवर बसणाऱ्या माणसाला खुर्चीसह गाडीत घेता यावे म्हणून दाराशी विजेवर चालणारी हायड्रॉलिक लिफ्ट बसविलेल्या व्हॅन आता आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. गाडी घेताना वर्गणी जमते, हारतुरे होतात, फीत कापली जाते. पुढे इंजिनाचे तेल बदलले जाते, टायर तपासले जातात. बॅटरीकडे मात्र ती पहिला दगा देईपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. आमचेही गेले नव्हते. त्या चुकीतून आम्ही जे शिकलो, ते अशी गाडी चालविणाऱ्या, सांभाळणाऱ्या आणि तिच्यातून प्रवास करणाऱ्या बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एप्रिल महिन्यातील एक दुपार. आमच्या व्हॅनमधून एका ताईंना डायलिसिससाठी रुग्णालयात नेले होते. त्यांची खुर्ची मोटारीवर चालणारी. तिचे एकटीचे वजन शंभर किलोच्या पुढे. आवारात गाडी उभी केली, मागचे दार उघडले, लिफ्टचे बटण दाबले. आतून 'टक' असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. गाडीतील दिवा मात्र व्यवस्थित लागत होता. म्हणजे बॅटरी ठीक आहे, लिफ्टच बिघडली, असे आम्ही गृहीत धरले. चौघे पुढे झालो आणि म्हणालो, "ताई, उचलून घेऊ का?" ताई म्हणाल्या, "उचलू नका. मागे एकदा असेच उचलताना पडले आहे. थांबते मी." त्या उन्हात, तापलेल्या गाडीत, त्या दीड तास थांबल्या. डायलिसिसची वेळ गेली ती गेलीच.

आम्ही गाडी एका गॅरेजात दाखविली. तेथे लिफ्टची मोटार बदलण्यात आली व लोकवर्गणीतील बरीच रक्कम त्यात खर्ची पडली. तीन आठवड्यांनी लिफ्ट पुन्हा तशीच अडली. शेवटी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने हातात मल्टिमीटर घेऊन दोन गोष्टी दाखविल्या. बॅटरीची अर्थची वायर ज्या बोल्टने गाडीच्या बॉडीला जोडली होती, तो बोल्ट गंजून ढिला झाला होता. शिवाय लिफ्टचा कंट्रोल बॉक्स गाडी बंद असतानाही रात्रंदिवस चालू राहत होता. जुन्या मोटारीत दोष नव्हताच. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, असा तो प्रकार झाला.

हिशेब मांडून पाहू

लिफ्ट फार वीज खाते म्हणून बॅटरी बसते, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. हे कितपत खरे आहे, ते आकड्यांनीच पाहिलेले बरे. अशा व्हॅनची बॅटरी १२ व्होल्टची असते. ती ७० अँपिअर-तासांची आहे असे धरू. लिफ्टच्या पंपाची मोटार वजन उचलताना ७० अँपिअर विद्युतप्रवाह घेते आणि एका फेरीत अर्धा मिनिट चालते, असेही धरू. म्हणजे एका फेरीला जेमतेम ०.६ अँपिअर-तास लागले. दिवसात दहा फेऱ्या झाल्या तरी ६ अँपिअर-तास. बॅटरीचा हा साधारण बारावा भाग. गाडी पुरेशी चालली तर अल्टरनेटर ते सहज भरून काढतो.

आता दुसरी बाजू पाहा. रुग्णालयाबाहेर इंजिन बंद करून दीड तास पंखा चालू ठेवला आणि तो १० अँपिअर घेत असला, तर १५ अँपिअर-तास गेले. बंद गाडीत केवळ अर्धा अँपिअर सतत झिरपत असेल, तर दिवसाला १२ आणि तीन दिवसांत ३६ अँपिअर-तास जातात. म्हणजे सलग सुट्या लागून आल्या की कुणी हात न लावता अर्धी बॅटरी रिकामी! त्यात फेऱ्या जवळच्या जवळच्या असल्या, सिग्नलला इंजिन मंद चालत राहिले आणि हेडलाइट व एसी सुरू असला, तर भरणा कमी आणि खर्च जास्त अशी स्थिती होते. म्हणून आम्ही असे म्हणू की, लिफ्ट बॅटरी चोरत नाही. झालेली चोरी ती उघडकीस आणते. दिव्याला थोडा प्रवाह पुरतो, लिफ्टला एकदम मोठा लागतो. म्हणून दुखणे सर्वांत आधी लिफ्टवर दिसते.

दिवा लागतो, मग लिफ्ट का नाही?

त्या दिवशी आम्हाला चकविले ते याच प्रश्नाने. याचे उत्तर सोपे आहे. गंजलेला किंवा ढिला सांधा प्रवाहाला अडथळा करतो आणि प्रवाह जितका मोठा, तितके त्या सांध्यात अधिक व्होल्ट वाया जातात. अडथळा ०.०२ ओहम एवढा क्षुल्लक असला, तरी अर्धा अँपिअर घेणाऱ्या दिव्यासाठी तेथे व्होल्टचा फक्त शंभरावा भाग वाया जातो. तोच ७० अँपिअर घेणाऱ्या पंपासाठी १.४ व्होल्ट खातो. असे दोन सांधे असले की २.८ व्होल्ट गेले. भार पडल्यावर बॅटरी स्वतःही थोडी खाली येते, ते वेगळेच. पंपापर्यंत पोहोचते ते ९ व्होल्टच्या आसपास. रिले 'टक' करतो, मोटार फिरत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवा लागणे म्हणजे बॅटरी व वायरिंग निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. नवी किंवा दुसरी जादा बॅटरी बसविली तरी गंजलेला सांधा तसाच राहिला, तर तक्रार फिरून येणारच.

जागेवर दोष कसा ओळखावा

बटण दाबताच दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर खार जमला आहे. 'टक' आवाज येतो, दिवेही मंद होत नाहीत आणि पंप फिरत नाही, तर पंपाकडे जाणारी जाड वायर, अर्थचा सांधा किंवा रिले पाहावा. आवाजच येत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. तोही ठीक असेल तर दार पुरते उघडले आहे का, हँडब्रेक ओढला आहे का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, हे पाहावे. पुष्कळ लिफ्टमध्ये सुरक्षिततेसाठी असे स्विच असतात आणि एकाची जरी खूण मिळाली नाही तरी लिफ्ट चालत नाही. दारापाशी असलेल्या स्विचमध्ये धूळ किंवा पावसाचे पाणी शिरणे ही तर नेहमीची गोष्ट आहे. दार एका विशिष्ट कोनात असतानाच लिफ्ट चालत असेल, तर बिजागरीपाशी वाकून वाकून वायर आतल्या आत तुटलेली असण्याचा संभव असतो.

पंप फिरतो पण फळी वर येत नसेल, तर दोष विजेचा नसतो. तेल कमी असते, वजन मर्यादेबाहेर असते किंवा हातपंपाचा व्हॉल्व्ह कुणीतरी उघडा ठेवलेला असतो. हा शेवटचा दोष एका मिनिटात दूर होतो.

हातपंप सर्वांना यावा

आणि आता त्या दुपारची सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. आमच्या लिफ्टला हातपंप होता. त्याचा दांडाही गाडीत, सीटखाली गुंडाळून ठेवलेला होता. आमच्यापैकी कुणालाच तो वापरता येत नव्हता. हायड्रॉलिक लिफ्टमध्ये बहुधा व्हॉल्व्ह बंद करून दांडा वरखाली केला की फळी चढते आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडला की ती सावकाश उतरते. त्यास वीज लागत नाही. वीज गेली तरी हाताने लिफ्ट चालली पाहिजे, अशी सोय अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकांत २००५ सालापासून बंधनकारक आहे. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४१ वे कलमही वाहतुकीच्या साधनांच्या सुगम्यतेविषयी आहे. परंतु सोय असणे वेगळे आणि ती वापरता येणे वेगळे. आता आमच्याकडे चालक, मदतनीस आणि ज्यांची इच्छा असेल ते प्रवासी, असे सर्वजण तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या लिफ्टवर हातपंपाचा सराव करतात.

महिन्याचा अर्धा तास

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, मल्टिमीटरने बॅटरी मोजावी. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे तातडीने चार्ज करण्याजोगी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. बराच वेळ पाहूनही तेवढे दिसत नसतील तर अल्टरनेटर व त्याचा पट्टा तपासून घ्यावा. मग एकाने लिफ्ट वर घ्यावी आणि दुसऱ्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला व दुसरे पंपाच्या धातूच्या अंगाला लावावे. तेथे अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला, तर अर्थचा सांधा खोलून, घासून, घट्ट करावा.

टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी काढावे आणि बसविताना ते शेवटी बसवावे. झाकणे असलेल्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाच्या पाण्यातील क्षार प्लेटांना मारक असतात. उन्हाळ्यात पाणी लवकर आटते, म्हणून मार्च ते जून पंधरवड्याने पाहावे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको. उतरलेली बॅटरी तशीच पडू देऊ नये. तिच्या प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसते आणि पुढे ती पुरती भरत नाही. गाडी दोन दिवसांपेक्षा अधिक उभी राहणार असेल, तर कटऑफ स्विच बंद करावा. नसल्यास जाणकाराकडून बसवून घ्यावा. जुनी बॅटरी भंगारात न फेकता दुकानदारास परत द्यावी. तिच्यात शिसे व आम्ल असते.

एवढे करण्यास अर्धा तास, एक दहा नंबरचा पाना, थोडा पॉलिश पेपर आणि एक साधा मीटर पुरतो. वरवर पाहता हे गॅरेजचे काम वाटेल. पण आपण पायांनी गाडीतून उतरतो, म्हणून दार उघडले की आपला प्रवास संपतो. त्या ताईंचे दार उघडलेलेच होते. तरी त्यांना उतरता आले नाही, कारण त्यांची पायरी एका बोल्टवर अडली होती. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो बोल्ट पाहिला जातो, आणि मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचून वहीत लिहून घेण्याचे काम त्याच ताई करतात.