नौकेच्या पोटांतील तारा

गेल्या संमेलनाच्या दिवशीं आमच्या शाळेची छोटी युद्धनौका तलावाच्या मध्यावर जाऊन एकाएकीं उभी राहिली, ही हकीकत आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. पुष्कळ पालकांनीं तर ती काठावरून प्रत्यक्ष पाहिली. ती कां उभी राहिली हें मात्र थोड्यांसच ठाऊक आहे. त्या प्रकारांत एका विद्यार्थ्यावर विनाकारण ठपका आला, व त्यांत आमचा स्वतःचा वांटा लहान नव्हता. म्हणून त्या नौकेच्या पोटांतील तारांविषयीं थोडें सविस्तर लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नौकेची ओळख करून देतों. मुंबईच्या माझगांव डॉकमध्यें बांधलेली व २००१ सालीं भारतीय नौदलांत दाखल झालेली 'आय. एन. एस. मुंबई' ही विनाशिका १६३ मीटर लांब आहे. आमच्या मुलांनीं तिची शंभरास एक या प्रमाणांत प्रतिकृति केली. अर्थात् ती १६३ सेंटिमीटर लांब व सुमारें १७ सेंटिमीटर रुंद झाली. लांबी शंभरपट कमी केली तर वजन किती पट कमी होईल, हा प्रश्न आम्ही नववीच्या वर्गास नेहमीं घालतों, आणि निम्मा वर्ग 'शंभरपट' असें बेधडक उत्तर देतो. परंतु लांबी, रुंदी व खोली या तिन्ही शंभरपट उतरतात, म्हणून वजन दहा लाख पट उतरतें. मूळ नौका साडेसहा हजार टनांच्या आसपास भरते. तेव्हां आमची साडेसहा किलोंच्या आसपास भरली पाहिजे, नाहीं तर ती पाण्यांत योग्य रेषेपर्यंत बसावयाची नाहीं. त्यांत एकट्या बॅटरीचेंच वजन दोन किलोंच्या वर जातें.

दुरून विद्युत्-लहरींनीं नौका हांकण्याची कल्पना फार जुनी आहे. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एक लहानशी होडी अशा रीतीनें चालवून दाखविली, व त्याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं त्यांस तिचें पेटंट मिळालें. गंमत अशी कीं, जिला आपण बिनतारी नौका म्हणतों तिचें पोट उघडून पाहावें तर आंत तारांचेंच राज्य असतें. आमच्या नौकेंत लहानमोठ्या एकतीस तारा आहेत.

हा कारभार असा चालतो. काठावरच्या मुलाच्या हातांतील यंत्र २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतें. नौकेंतील रिसीव्हर त्या झेलतो. रिसीव्हरपासून सुकाणूं फिरविणाऱ्या सर्व्होकडे व मोटारींचा वेग सांभाळणाऱ्या दोन स्पीड कंट्रोलरांकडे तीन-तीन तारांच्या शाखा जातात. तींपैकीं एक तार निरोपाची, एक धन व एक ऋण. निरोप म्हणजे विजेचे बारीक ठोके. ते सेकंदास पन्नास वेळां पडतात, आणि प्रत्येक ठोका एक ते दोन सहस्रांश सेकंद टिकतो. ठोका दीड सहस्रांशाचा असला म्हणजे सुकाणूं मध्यावर राहतें. त्याहून लांब झाला तर तें एका अंगास, आंखूड झाला तर दुसऱ्या अंगास वळतें. मोटारीस हाच ठोका थांब, पुढें चल किंवा मागें चल असें सांगतो.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी, कारण पुढील सर्व हकीकत तिच्यावर अवलंबून आहे. बॅटरी १२ व्होल्टची असते, आणि रिसीव्हरला ५ व्होल्टच लागतात. हे ५ व्होल्ट तयार करण्याची सोय स्पीड कंट्रोलरच्या बोर्डावरच केलेली असते, व ते त्याच तीन तारांच्या वेणींतून उलट रिसीव्हरकडे येतात. म्हणजे एकाच वेणींतून निरोप जातो आणि अन्न येतें. वेणी तुटली कीं रिसीव्हर उपाशी, निरोप बंद व मोटारी बंद. नौकेचे दिवे मात्र थेट बॅटरीवर चालतात. त्यांचा रिसीव्हरशीं कांहीं संबंध नाहीं.

आतां त्या दिवसाची गोष्ट. नौका मधोमध थांबली तेव्हां बॅटरी भरण्याचें काम ज्याच्याकडे होतें तो नववींतील विद्यार्थी आमच्या शेजारींच उभा होता. "सर, दिवे तर लागलेले आहेत!" असें तो दोनदां म्हणाला. ऊन लख्ख होतें, तरी डावीकडचा तांबडा व उजवीकडचा हिरवा दिवा काठावरून दिसत होते. आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. शिंगाडे काढणाऱ्या एका काकांनीं कृपा करून नौका ओढून आणली. काठावर येतांच तिला धक्का बसला व पंखे पुन्हां फिरूं लागले. मग सर्वांनींच, आम्हीं सुद्धां, निकाल देऊन टाकला कीं बॅटरी अर्धवट भरली होती. मुलानें मान खालीं घातली.

दिव्यांचा हा पुरावा निकाल फिरविण्यास पुरेसा होता. बॅटरी संपली असती तर दिवेहि मंदावले असते. ते तेजानें जळत आहेत व मोटारी आणि सुकाणूं एकाच क्षणीं बंद पडलीं आहेत, याचा अर्थ दोष रिसीव्हरच्या अन्नांत आहे. तारांचा आराखडा ज्याच्या डोळ्यांपुढें असेल त्यास हें जागच्या जागीं समजलें असतें. आम्हांस मात्र डेक उघडून तीन संध्याकाळी शोध करावा लागला. कारण आंत सगळ्या तारा तांबड्या होत्या. आदल्या वर्षीं ज्या विद्यार्थ्यानें त्या जोडल्या त्याच्याजवळ तांबड्या तारेचें एकच रीळ होतें. तो आतां कॉलेजांत आहे. त्यास फोन केला तेव्हां तो ओशाळून म्हणाला, "सर, त्या वेळीं कोणती तार कोणती हें मला तोंडपाठ होतें. आतां नाहीं सांगतां येणार." त्याला तरी काय बोल लावावा? तें जंजाळ आम्हीं पाहिलें होतें, आणि नौका चालते ना, मग झालें, असें म्हणून आम्हींच त्यावर डेक बसवूं दिला होता.

शेवटीं दोष सांपडला तो असा. स्पीड कंट्रोलरची वेणी रिसीव्हरपर्यंत पुरेना, म्हणून ती कापून मध्यें तुकडे घातले होते. आणि ऋण तारेचा सांधा डाख न देतां नुसता पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. मोटारीच्या थरथरीनें तो सैल झाला होता. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गांत सर्वांदेखत त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली, आणि सर्व तारा काढून नव्यानें घालण्याचें काम त्याच्याच हातीं दिलें.

नवें काम कागदावर सुरू झालें. आधीं आराखडा, मग तार, असा आम्हीं दंडक घातला. प्रत्येक तारेस क्रमांक दिला व तो तिच्या दोन्ही टोकांस कागदी पट्टीवर लिहून लावला. धन तार तांबडी, ऋण काळी व निरोपाची पिंवळी. रंग संपला तर काम थांबवावें. दुसरा रंग वापरूं नये. मुलांस हा नियम जाचक वाटला, कारण बाजार आठवड्यांतून एकदां भरतो.

जाडीचा विचार गणितानें केला. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा विरोध सुमारें ०.०१७ ओहम असतो. तींतून १० अँपियर गेले तर ०.१७ व्होल्ट वाटेंत खर्च होतात. हीच तार दहापट बारीक घेतली तर १.७ व्होल्ट जातात, आणि १७ वॉट उष्णता त्या बंद पोटांत तारेवरच उत्पन्न होते. म्हणून मोटारींस जाड तार, निरोपास बारीक. सर्व तारा मात्र अनेक धाग्यांच्या घ्याव्या. एकसंध तार थरथरीनें मोडते. बॅटरीच्या धन टोकापासून चार बोटांच्या आंत १५ अँपियरचा फ्यूज बसविला आहे. तो दूर बसविला तर मधली तार उघड्यावरच राहते.

सांधे सर्व डाखलेले आहेत. डाख देतांना राळेचा उपयोग करावा, आम्लाचा कधींहि नाहीं, कारण आम्ल मागाहून तांबें खात बसतें. तार तापवावी व कथील तिच्या उष्णतेनें वितळूं द्यावें. वितळलेलें कथील थंड तारेवर ठेवलें तर वरून सांधा दिसतो व आंत कांहीं नसतें. वर उष्णतेनें आंखडणारी नळी चढवावी. ती डाख देण्यापूर्वींच तारेंत ओवावी लागते, हें आमच्या मुलांस चार वेळां सांधा सोडविल्यावर पक्कें समजलें.

दोन स्पीड कंट्रोलर असले म्हणजे ५ व्होल्टचे अन्नदातेहि दोन होतात, व ते एकमेकांशीं झगडतात. म्हणून एकाच्या वेणींतील तांबडी तार प्लगांतून काढून तिचें टोक झांकून ठेविलें आहे. मोटारींच्या आंत ठिणग्या पडतात व त्यांचा गोंगाट रिसीव्हरला ऐकूं जातो. त्यासाठीं प्रत्येक मोटारीच्या दोन टोकांमध्यें ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डाखला आहे. मोटारीकडे जाणारी व तिच्याकडून परतणारी अशा दोन्ही तारा एकमेकींभोंवतीं पिळल्या आहेत. वीज उलटसुलट वाहत असल्यानें त्यांचे चुंबकीय परिणाम बहुतांशीं परस्परांस खोडून काढतात.

सुबकपणाविषयींहि एक गैरसमज येथें आढळला. एका मुलानें सर्व तारा एका जुडींत घट्ट आवळल्या. दिसावयास फारच सुरेख! परंतु मोटारीच्या तारा व निरोपाच्या तारा एकत्र नांदूं देणें म्हणजे शांत वाचनालयांत ढोल वाजविणें होय. आम्हीं जुडी सोडावयास लावली. आतां जाड तारा डाव्या अंगानें व बारीक तारा उजव्या अंगानें जातात, आणि जेथें भेटणें भागच आहे तेथें काटकोनांत ओलांडतात. बांधण्यास मेण लावलेला दोरा वापरला आहे. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजांत अशाच दोऱ्यानें तारांच्या जुड्या बांधीत. बोर्ड हातावर उचलून पाहतां येईल इतकी सैल तार प्रत्येकाजवळ ठेवावी. हें न केलें तर दुरुस्ती करणारा एक सांधा पाहतांना दुसरा तोडतो.

राहिलें पाणी. पंख्याच्या दांड्यापाशीं थोडेंफार पाणी आंत झिरपतेंच. म्हणून सर्व बोर्ड एका प्लायवुडच्या फळीवर तळापासून तीन सेंटिमीटर उंच बसविले. चार स्क्रू काढले कीं फळी सबंध बाहेर येते. प्रत्येक तार बोर्डास मिळण्यापूर्वीं किंचित् खालीं झोळ घेऊन मग वर चढते. तारेवरून ओघळणारा थेंब त्या झोळाच्या तळाशीं गळून पडतो, बोर्डापर्यंत चढत नाहीं. अँटेना डेकच्या वर, मनोऱ्यांत उंच ठेविली आहे, कारण या लहरी पाण्यांतून जात नाहींत.

आराखड्याची एक प्रत डेकच्या खालच्या बाजूस चिकटविलेली आहे. तिच्या तळाशीं एक चौकट आंखली आहे. जो कोणी तार बदलील त्यानें तेथें तिचा क्रमांक, तारीख व आपलें नांव लिहावें. पहिली ओळ, ज्यानें दिव्यांकडे बोट दाखविलें त्याच विद्यार्थ्याच्या अक्षरांत आहे: तार क्रमांक ७, काळी, रिसीव्हरची, नवी घालून डाखली.