हिरवळ
घर, सार्वजनिक इमारत किंवा उद्यान यांच्या आवारात मुद्दाम लावलेल्या व वारंवार कापून सारख्या उंचीच्या ठेवलेल्या गवताच्या आच्छादनास हिरवळ किंवा लॉन म्हणतात. हिरवळीमुळे मातीची धूप थांबते, धूळ उडत नाही व आवारातील उष्णता कमी होते. आखीव हिरवळीची प्रथा इंग्लंडसारख्या थंड व वर्षभर थोडाथोडा पाऊस पडणाऱ्या प्रदेशात रुजली. एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतल्यानंतर ती सामान्य घरांपर्यंत पोहोचू शकली. ब्रिटिश अमदानीत भारतातील बंगल्यांच्या आवारांतही तिचा प्रसार झाला. महाराष्ट्रात मात्र पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळातच पडत असल्याने हिरवळीची निगा ऋतुमानानुसार आखावी लागते.

गवताचे प्रकार : महाराष्ट्रात हरळी (शा. ना. सायनोडॉन डॅक्टिलॉन) सर्वांत सोयीची ठरते. गणेशपूजेतील दूर्वा ती हीच. शेतात ती चिवट तण म्हणून त्रासदायक असते. परंतु जमिनीवर पसरणारी धावती खोडे व जमिनीखालील मूलक्षोडे यांमुळे येणारा हाच चिवटपणा हिरवळीत उपयोगी पडतो. तिला भरपूर ऊन लागते. दाट सावलीत ती विरळ होते. अर्धवट सावलीच्या जागी रुंद पानांची स्टेनोटॅफ्रम व ॲक्झोनोपस या प्रजातींतील गवते लावतात.

जमीन व लागवड : एप्रिल-मे महिन्यांत जमीन २५ ते ३० सेंमी. खोल खणून उन्हात तापू देतात. दगडगोटे व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढतात, कुजलेले शेणखत मिसळतात आणि घरापासून दूर जाणारा किंचित उतार ठेवून जमीन सपाट करतात. काळ्या भारी जमिनीत पाणी साचते व उन्हाळ्यात भेगा पडतात. म्हणून तीत वाळू व खत अधिक मिसळतात. पहिल्या पावसानंतर उगवलेले तण काढून मुळ्यांसह हरळीचे तुकडे १० ते १५ सेंमी. अंतरावर टोचून लावतात व हलका रूळ फिरवितात.

पावसाळा : या ऋतूत वाढ जोमाने होते, म्हणून दर आठवड्यास कापणी करावी लागते. एका वेळी पानांच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग कापू नये. तसे केल्यास अन्ननिर्मिती खुंटून मुळे उथळ राहतात. हरळीची उंची २.५ ते ४ सेंमी. ठेवतात. बारीक तुकडे हिरवळीवरच राहू दिल्यास त्यांतील नायट्रोजन जमिनीस परत मिळतो. लव्हाळा नुसता कापून जात नाही, कारण जमिनीखालील गाठींपासून तो पुन्हा फुटतो. खुरप्याने गाठींसह उपटणे आवश्यक असते. पहिल्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर येतात. ते झाडून नष्ट केल्यास मुळे खाणाऱ्या अळ्यांचा पुढील उपद्रव कमी होतो. अळ्या लागलेली हिरवळ पिवळी पडून चटईसारखी उचलली जाते. आवारातील कुंड्यांच्या ताटल्यांत व टाकाऊ भांड्यांत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकावे. अन्यथा त्यात डासांची पैदास होते.

हिवाळा : पाऊस संपताना, वाढ चालू असताना, १०० चौ. मी. क्षेत्रास सु. १ किग्रॅ. यूरिया सम प्रमाणात फेकून लगेच पाणी देतात. पाणी न दिल्यास पाने करपतात. पुढे थंडीने वाढ मंदावते व पंधरा दिवसांनी एक कापणी पुरते. पाणी रोज शिंपडण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने, पण खोलवर मुरेल असे द्यावे. त्यामुळे मुळे खोल जातात. झाडांचा पालापाचोळा न जाळता खड्ड्यात कुजवून खत करतात.

उन्हाळा : हिरवळीच्या निगेतील खरा प्रश्न या ऋतूतील पाण्याचा असतो. दख्खनच्या पठारावर हिरवळ टवटवीत ठेवण्यास रोज सु. ५ मिमी. पाणी लागते असे धरल्यास १०० चौ. मी. क्षेत्रास ५०० लि. पाणी खर्च होते. शहरी पाणीपुरवठ्याचे दरडोई प्रमाण दररोज १३५ लि. मानले जाते, म्हणजे लहानशी हिरवळही जवळजवळ चार माणसांच्या वाट्याचे पाणी घेते. टंचाईच्या काळात हे समर्थनीय ठरत नाही. हरळी पाण्याअभावी तपकिरी पडली, तरी सहसा मरत नाही. मूलक्षोडे जिवंत राहतात व पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा हिरवी होते. अशा वेळी कापणी व खते बंद ठेवून तीवरील वर्दळ टाळणे एवढेच पुरेसे असते. पाणी द्यावयाचेच असल्यास ते पहाटे द्यावे. स्नानाचे सांडपाणी वापरता येते. मात्र साबणातील क्षार साचू नयेत म्हणून अधूनमधून साधे पाणी द्यावे लागते.

जेथे पाणी कायमच अपुरे असते, तेथे हिरवळ वापरापुरती लहान ठेवून उर्वरित आवारात सावली देणारी स्थानिक झाडे, झुडपे व मुरमाच्या पायवाटा यांची योजना करणे अधिक हितावह असते.