चांदण्यातला मुक्काम

दर डिसेंबरात १३-१४ तारखेच्या सुमारास मिथुन राशीकडून उल्कावर्षाव होताना दिसतो. तो पाहायला हौशी आकाशनिरीक्षक दोन-तीन रात्री शहराबाहेर मुक्काम करतात. मुलांची पिशवी आपण भरतोच. यंदा भगिनींनो, आपलीही भरा!

पहाटे दव पडतं, म्हणून सतरंजीखाली प्लॅस्टिक अंथरा. स्वेटर, कानटोपी हवीच. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू घ्या. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधा. अंधाराला डोळे सरावायला २०-३० मिनिटं लागतात. पांढरा उजेड, अगदी मोबाईलचासुद्धा, ते सारं क्षणात घालवतो.

उल्कांना दुर्बीण लागत नाही, नुसतं उताणं पडून राहायचं. एरवी असं निवांत पडायला मिळतं कुठे? ‘मागे घराचं कसं होईल?’ होईल हो! कुकर लावायला यांनाही येतं.